चौकटीत न मावणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि सध्या आडवा पडून आहे. आजारी वगैरे नाही. नोकरीवर आहे. माझ्या पाठीवरून आगगाडी जाते.

हसू नका. दरवाजा म्हटला की उघडणे आणि लागणे, एवढेच तुम्हाला माहीत. माझ्या पाठीवर मात्र एक स्टेशन आहे, एक बोगदा आहे आणि एक गुलाबी डोंगर आहे. तो डोंगर इतका उंच आहे की न्हाणीघरातून निघालेली वाफ त्याला अडून बसते आणि खोलीत बारीक पाऊस पडतो. खोटे वाटत असेल तर माझ्या बिजागरीला विचारा. ती हल्ली खिळ्यांच्या डब्यात राहते, पण तिची स्मरणशक्ती शाबूत आहे.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म दरवाजांच्या कारखान्यात झाला. माझ्या चारी कडांना लाकडाच्या पट्ट्या आहेत, दोन्ही अंगांना पातळ फळ्या आहेत आणि पोटात मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी आहे. बाकी सगळी हवा. ही हवाही साधीसुधी नव्हे. कारखान्यात त्या दिवशी जे जे कोणी हसले, त्यांचे हसू माझ्या पोटात बंद झाले. म्हणून माझा स्वभाव असा.

एका तिमजली घराच्या वरच्या मजल्यावर, आतल्या लहान खोलीला मला बसवले. सुताराने रंध्याने माझी कड तासली, मला चौकटीत लावून पाहिले, पुन्हा तासले, पुन्हा लावले आणि म्हणाला, "बसला बघा. नखाएवढी फट आहे, त्यापेक्षा जास्त नाही." ही नखाएवढी फट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरून मोठे रामायण घडायचे आहे.

त्या घराच्या मुख्य दरवाजाला फार तोरा होता. तो भरीव लाकडाचा, पितळी कडीचा. मला तो 'पोकळ' म्हणायचा. मी स्वतःला 'हलका' म्हणायचो. ज्याला जो शब्द सोयीचा, त्याने तो वापरावा.

घर होते एका कवळीवाल्याचे. म्हणजे हा गृहस्थ लोकांसाठी खोटे दात बनवायचा. मेणात, प्लास्टरमध्ये आणि गुलाबी हिरड्यांच्या मसाल्यात त्याचा दिवस जायचा. त्याची एकुलती एक मुलगी माझ्या खोलीत राहायची. ती एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. लहानपणी ती माझ्या मुठीला लोंबकळून झोके घ्यायची. माझी बिजागरी कुरकुरायची, पण मला आवडायचे.

मग एका वर्षी कवळीवाल्याने दुसरे लग्न केले. नवी आई घरात आली. ती मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायची. तिच्यासोबत तिचीही मुलगी आली, भिंगरीहून वर्षाने मोठी. ही मुलगी पाच वाक्यांच्या जागी एक शब्द बोलायची आणि एका शब्दाच्या जागी नुसती बघायची. तिचे नाव पडले घुमी. आतापर्यंत ती आईबरोबर आपल्या मामाकडे राहायची. मामा ट्रक चालवायचा. त्याने कुठल्याशा लांबच्या फेरीवरून तिला एक छोटे इंजिन, तीन डबे आणि थोडेसे रूळ आणून दिले होते. ते इंजिन घुमी एका लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवायची.

एक खोली आणि दोन मुली. तुम्हाला वाटेल, भांडण झाले असेल. मित्रांनो, भांडण झाले असते तर बरे झाले असते. त्या दोघी एकमेकींशी न बोलता सगळे माझ्याकडून वदवून घ्यायच्या.

भिंगरी चिडली की मला आपटायची. तिच्या आपटण्यात असा दम होता की शेजारच्या घरातले कॅलेंडर एकदम दोन पाने पुढे जायचे. तिथल्या आजोबांनी त्या नादात एका वर्षात दोनदा वाढदिवस साजरा केला. घुमी मात्र मला आवाज न करता लोटायची आणि आतून कडी घालायची. नुसते 'टिक' व्हायचे. अनुभवाने सांगतो, आपटलेला दरवाजा लगेच उघडता येतो. 'टिक' झालेल्या दरवाजाबाहेर माणूस बराच वेळ उभा राहतो.

एकदा भिंगरी अंघोळ करून टॉवेल गुंडाळून आली आणि आतून 'टिक' झालेले होते. तिचे कपडे आत होते. तिने थापा मारल्या, लाथा मारल्या. घुमी उघडेना. शेवटी उघडले तेव्हा भिंगरी आत गेली आणि तिने मला इतक्या जोरात आपटले की कवळीवाल्याच्या टेबलावरची एक नवी कोरी कवळी आपोआप मिटली आणि त्याचे बोट तिच्यात सापडले.

तो बोट चोखत आला. दोघींकडे पाहिले. मग कोणावर न ओरडता स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"बाबा, काय करताय?" भिंगरीने विचारले.

"आपटायला दार नको आणि कडी घालायलाही दार नको. पडदा लावतो. आपटा बघू आता पडदा."

आणि तोंडातून कवळी काढावी तसे त्याने मला चौकटीतून काढले.

इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. घरातल्याच अरुंद बोळात भिंतीला टेकवून मला उभे केले गेले. माझ्या मुठीवर छत्र्या लटकू लागल्या. पायाशी प्लास्टरची पोती आली. मुख्य दरवाजा उघडता-लागता म्हणायचा, "काय पोकळराव, निवृत्ती कशी वाटते?" मी म्हणायचो, "मोठ्या कामाआधीची विश्रांती आहे." तेव्हा मी ते नुसते अब्रू राखायला बोललो होतो. पण माझे बोलणे असेच असते. आधी बोलतो, मागाहून ते खरे होते.

त्या बोळात उभा असतानाच मी ते ऐकले. शाळेची मोठी सुट्टी नुकती लागली होती. घुमीची आई जमिनीवर बसून एक पंखा उघडत होती. घुमी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला मामाकडे जायचंय. राहायला."

आईने मान वर केली. "कायमचं?"

"हो."

आईने पंख्याचे पाते पुसून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "सुट्टीभर इथेच राहा. सुट्टी संपताना तुला तसंच वाटलं तर मामाला ट्रक घेऊन बोलावते. तुझं जे जे असेल ते सगळं घेऊन जा. मी अडवणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

माझ्या आडोशाला भिंगरी उभी होती. तिनेही ऐकले. "जाऊ दे," ती पुटपुटली, "खोली माझी होईल." पण हे बोलताना तिने प्लास्टरच्या पोत्याला नखाने एवढे मोठे भोक पाडले की तिच्या पायावर पांढरी रांगोळी पडली.

आता आगगाडीकडे वळू. घुमी आपले रूळ गादीवर मांडायची. गादीवर रूळ म्हणजे लोण्यावर स्टूल. इंजिन दोन वीत चालायचे आणि कलंडायचे. कवळीवाला पडद्यातून डोकावला आणि म्हणाला, "घुमे, याला सपाट जमीन हवी. टेबलाएवढी, नाही, टेबलापेक्षा मोठी."

घुमीची आई बोळातून येत होती. तिने माझ्या पोटावर बोटाने टकटक केले. मग मला जरासे उचलून पाहिले, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून नजर टाकली.

"हा घ्या की," ती म्हणाली. "हलका आहे, सरळ आहे. भरीव फळी पावसाळ्यात वाकते. हा पोकळ आहे म्हणून वाकायचा नाही."

मित्रांनो, मुख्य दरवाजाने हे ऐकले. त्याची पितळी कडी खाली पडता पडता राहिली.

रंगारी उभे राहायला वापरतात तसले दोन लाकडी घोडे आणले गेले. माझी मूठ काढली आणि त्यांच्यावर मला आडवे केले. खोली लहान, त्यामुळे दोघींच्या पलंगांच्या मधोमध मी आलो. एका लांब बाजूला घुमीचा पलंग, दुसऱ्या लांब बाजूला भिंगरीचा. कवळीवाला घुमीला म्हणाला, "हे दार आता तुझं. तुझ्या आगगाडीचं." घुमीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. एवढी वर्षे लोकांनी मला ढकलले होते. हात कोणी फिरवला नव्हता.

भिंगरीने लगेच खडू आणला आणि माझ्या डोक्यापासून पायापर्यंत सरळ रेघ ओढली. "दार तुझं असेल. खोली दोघींची आहे. रेघेच्या अलीकडे तुझी गाडी यायची नाही."

घुमीने मान हलवली आणि आपल्या अर्ध्या पट्टीत रूळ मांडले. लांबीला जागा भरपूर, पण रुंदीला हातभरही नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना वळण अगदी आखूड आले. इंजिन सरळ रुळावरून ऐटीत निघायचे आणि वळण आले की आडवे. उचलून ठेवले की पुन्हा आडवे. घुमीने रूळ हलवून पाहिले, डबे काढून पाहिले, इंजिनाला समजावूनही पाहिले असेल. आडवे ते आडवेच.

आई दारात, म्हणजे पडद्यात, उभी राहून बघत होती. "अगं, एवढ्याशा जागेत माणूस सायकल वळवत नाही. लांबलचक इंजिन कसं वळेल? वळण मोठं घे."

"जागा नाही," घुमी म्हणाली.

"जागा आहे. रेघेच्या पलीकडे."

शेवटी भिंगरी पलंगावर उताणी पडल्या पडल्या छताला म्हणाली, "माझ्या बाजूने गाडी न्यायची तर माझी एक अट आहे. माझ्या बाजूला डोंगर पाहिजे. आणि गाडी त्याच्या पोटातून गेली पाहिजे."

यावर घुमीने त्या घरातले आपले सगळ्यात लांब भाषण केले. "डोंगर मागाहून. आधी गाडी धावली पाहिजे. न थांबता, न पडता. मग डोंगर."

आणि बाळांनो, तुम्ही कधी पहिली आगगाडी मांडायला बसलात तर हे भाषण पाठ करा. लोक आधी झाडे लावतात, घरे लावतात, गाईसुद्धा चरायला सोडतात. मग त्यांना कळते की गाडीच चालत नाही. त्या गाई गाडीची वाट बघत म्हाताऱ्या होतात.

दोघींनी रूळ मांडले. एकच मोठा लांबट गोल, माझ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाकी काही नाही. घुमीला दुसरा फाटाही हवा होता, पण रूळ पुरेनात, आणि ते बरेच झाले. पहिल्यांदा एक गोल नीट फिरला तरी पुष्कळ.

पहिल्याच फेरीला गोंधळ उडाला. रूळ थेट माझ्या पाठीवर होते आणि माझे पोट पडले ढोलासारखे. गाडी सुटली आणि असा गडगडाट झाला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीवरचे कपडे घाईघाईने आत घेतले. शेजारच्या आजोबांनी छत्री उघडली. मग भिंगरीने नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा मोठा तक्ता आणला आणि माझ्यावर अंथरला. गडगडाट थांबला. खडूची रेघ त्या तक्त्याखाली गेली. ती अजूनही तिथेच आहे, माझ्या पाठीवर. कोणी पुसलेली नाही. कोणाला आठवतही नाही.

रूळ चिकटवायचे नाहीत, आधी नुसते टाचण्यांनी धरून ठेवायचे, हे घुमीने ठरवले. चूक झाली तर उचलता यावेत. दोन रूळ जिथे जोडले जातात तिथून ती नख फिरवायची. नख अडले तर चाक अडणारच. मग तो जोड सोडवून पुन्हा घट्ट बसवायचा. भिंगरीला असल्या कामाचा धीर नव्हता, पण नख फिरवायला ती तयार झाली. तिची नखे लांब होती.

"वायरी खाली न्यायला भोक पाडावं लागेल," घुमी म्हणाली.

"कशाला? आहे की." भिंगरीने माझ्या कुलपाच्या भोकात बोट घालून दाखवले.

त्या भोकातून घुमी पूर्वी एक डोळा लावून बघायची, बाहेर कोण आहे ते. आता तिथून लाल आणि काळी वायर खाली गेली. मला जरा गुदगुल्या झाल्या.

वेगाचे बटण फिरवले. गाडी निघाली, घुमीच्या बाजूने गेली, वळली, भिंगरीच्या बाजूला आली आणि मधेच थांबली. ढकलली की चालायची, त्याच जागी पुन्हा थांबायची. दोघींनी आईकडे पाहिले. आईने दुरुस्तीच्या पेटीतून एक स्वच्छ फडके काढून भिंगरीच्या हातात दिले. "रूळ पूस."

"एवढंच?"

"एवढंच. वीज रुळातून चाकात जाते. मधे मळ बसला की गाडी उपाशी."

भिंगरीने पुसले. फडके काळे झाले. तिने हनुवटी माझ्या काठावर टेकवली, डोळे रुळाच्या उंचीला आणले आणि म्हणाली, "सोड."

गाडी आली. थांबली नाही, पडली नाही. भिंगरीच्या नाकासमोरून गेली, वळली, पलीकडे घुमीच्या समोरून गेली, पुन्हा आली. मित्रांनो, मी आयुष्यात कितीदा उघडलो आणि कितीदा लागलो त्याला गणती नाही. पण इकडची गोष्ट तिकडे नेऊन परत आणणे मला तोवर कधी जमले नव्हते.

त्यानंतर दोघींचे बोलणे सुरू झाले. फार काही नाही. "सोड", "थांबव", "तुझ्या बाजूचा डबा हलतोय", "हलू दे". पण दोन पलंगांमध्ये शब्द ये-जा करू लागले.

एकदा भिंगरीने बटण पार शेवटपर्यंत फिरवले. गाडी इतकी सुसाट सुटली की शेवटचा डबा इंजिनाच्या पुढे निघून गेला. निदान मला तसे दिसले. वळणावर इंजिन उडाले आणि खाली फरशीवर आपटले. त्याच्या पुढच्या बाजूचा एक दांडा तुटला. घुमीने इंजिन उचलले, पाहिले आणि मोज्यात ठेवले. माझ्या कानात पुन्हा ते जुने 'टिक' वाजले.

भिंगरी तो मोजा घेऊन बाबांच्या टेबलाशी गेली. कवळीवाल्याने चष्मा वर सरकवला. "अरे वा, नवीन रोगी. दात पडलाय होय." हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याने त्याने नवा दांडा घडवला, कानशीने घासला, बसवला आणि इंजिन घुमीपुढे धरले. "कडक काही चावू नकोस म्हणावं एक दिवस."

काळ्या इंजिनाच्या तोंडात एक गुलाबी दात. घुमीने ते पाहिले आणि ती हसली. तिचा हसण्याचा आवाज कसा आहे, हे त्या घराला तेव्हा कळले.

सुट्टी संपत आली. एका संध्याकाळी मामाचा फोन आला. आई बोळात बोलत होती. "हो. रविवारी ये. ट्रक आण... हो, ती आगगाडीही न्यायची आहे. दारासकट. तिचंच आहे ते... नाही, मी काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. शब्द दिलाय तिला."

घुमीने पिशवी भरायला घेतली. आपण एकदा सांगितलेले मागे कसे घ्यायचे, हे तिला येत नसावे. कमी बोलणाऱ्या माणसांची हीच अडचण असते. त्यांचे जुने वाक्यच शेवटचे ठरते.

दुसऱ्या दुपारी खोलीत भिंगरी एकटी होती. तिने दुरुस्तीच्या पेटीतला टेप आणला आणि माझी जुनी चौकट मोजली. मग मला मोजले. मग ओठ हलवत बोटांवर काहीतरी हिशेब केला. माझ्या पोटातली हवा गार पडली. मला वाटले, गाडी गेली की मला पुन्हा चौकटीत उभे करणार. पुन्हा ते आपटणे, पुन्हा ते 'टिक'.

संध्याकाळी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दाराच्या काठांना पट्ट्या लावू या. इंजिन परत पडायला नको. चांगल्या जाड लावू. दोन्ही बाजूंना."

आईने पट्ट्या कापून आणल्या. भिंगरीने धरल्या आणि घुमीने स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून घट्ट बसवल्या. मी दोन्हीकडून दोन-दोन बोटे रुंद झालो.

"आता डोंगर," भिंगरी म्हणाली. "ठरलं होतं."

ठरलेच होते, त्यामुळे कोणी नाही म्हणाले नाही. तिने जाळीचा सांगाडा वाकवला, त्यावर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे कागद थापले. कवळीवाल्याचे पांढरे प्लास्टर संपले तेव्हा गुलाबी वापरले. डोंगर माझ्या पाठीवरून वर निघाला तो थांबेचना. एका दिवशी तिच्या कोपरापर्यंत, दुसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत, आणि मग ती स्टुलावर चढली.

"भिंगरे, बेताचा कर गं," कवळीवाला म्हणाला. "गाडी एवढीशी, डोंगर केवढा."

"त्याच्यावर बर्फ पडायचाय, बाबा."

"गाडी मुंगीसारखी दिसते," घुमी म्हणाली. पण बोगद्याच्या तोंडाला दगड कोरायला तीच बसली होती. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचे हात कोपरापर्यंत गुलाबी झालेले असायचे.

आई पडद्यातून आली. तिने डोंगराकडे पाहिले. मग चौकटीकडे पाहिले. मग भिंगरीकडे पाहिले. आणि ती चहा टाकायला निघून गेली.

रविवारी मामा आला. मामा म्हणजे मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. जिन्यातूनच ओरडला, "कुठंय माझी भाची आणि कुठंय माझी आगगाडी? खाली ट्रक वाट बघतोय." आत येऊन त्याने डोंगर पाहिला आणि खांद्यावरचा दोर काढला. "हा काय प्रकार आहे? भावोजी, तुमच्याकडे राक्षसाची कवळी करायला आली होती की काय?"

मामा आणि कवळीवाल्याने मला दोन्ही टोकांना धरले आणि आडवेच चौकटीकडे नेले. ठक. पट्ट्या दोन्हीकडून अडल्या. सुताराची ती नखाएवढी फट आठवते ना? त्या फटीत माझे दोन-दोन बोटांचे नवे खांदे कुठे मावणार.

"कडेवर उभा करा," मामा म्हणाला. मला कडेवर केले. ठक. आता डोंगर अडला. तो चौकटीच्या रुंदीपेक्षा उंच होता. पुन्हा आडवा, पुन्हा कडेवर, मग तिरका. ज्या चौकटीत मी वर्षानुवर्षे उभा होतो, तिच्यातून मी जाईना. मित्रांनो, खरे सांगतो, मीही जरा पोट फुगवून धरले होते.

मामाने घाम पुसला. "दरवाजा दरवाजातून जात नाही. एवढी वर्षं लोकांचं सामान वाहिलं, असं कधी पाहिलं नाही. अगं पोरींनो, खोलीत मोठी वस्तू बनवायची तर आधी चौकट मोजायची असते. नवशिक्यांची चूक. हा डोंगर कुणी केला?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"मग चौकट मोजली नाहीस?"

"मोजली होती."

"मोजली होती? मग?"

भिंगरी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "चौकटीच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त उंच केला."

घुमी भिंगरीकडे बघत होती. नुसते बघण्यात ती पटाईत, हे मी सांगितलेच आहे. पण हे बघणे वेगळे होते.

मामाने बाह्या सरसावल्या. "हात्तिच्या. करवत आणा. शेंडा कापू, पाच मिनिटांचं काम."

"डोंगराला हात लावायचा नाही," घुमी म्हणाली.

"बरं. मग पट्ट्या काढू. कशाने बसवल्यात?"

आता मित्रांनो, नीट ऐका. त्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आहेत. ते स्क्रू घुमीने स्वतः पिळले आहेत आणि तिच्या आईच्या हातात त्या क्षणी स्क्रूड्रायव्हर होता. आईने तो हळूच खिशात टाकला. कवळीवाला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे बघू लागला. घुमी पुढे आली आणि तिने माझ्या पट्टीवर, बरोबर स्क्रूच्या डोक्यावर, तळहात ठेवला.

"चिकटवल्यात," ती म्हणाली. "निघायच्या नाहीत."

मामा आयुष्यभर सामान बांधत आणि सोडत आला होता. त्याला स्क्रू दिसत नव्हते असे समजू नका. पट्टीवर दुसरेही स्क्रू उघडे होते, आणि ते चकाकत होते. त्याने ते पाहिले. मग भाचीकडे पाहिले. मग वाकून पट्टीवर बोट दाबले आणि गंभीरपणे म्हणाला, "हो गं. पक्क्या चिकटवल्यात. मग असं कर, इंजिन तेवढं घे आणि चल."

"डोंगर इथे आणि इंजिन तिकडे. मग गाडी कुठून जाणार?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

घुमीला जुने वाक्य पुसून त्या जागी नवे लिहायचे होते. "मग मामा, तूच येत जा."

मामा तिच्या पलंगावर बसला. पलंग कुरकुरला. "ताई," तो बहिणीला म्हणाला, "चहा टाक. आणि ए डोंगरवाली, ते बटण कुठंय? एक फेरी मला मारू दे." त्याने एक नाही, दुपार होईपर्यंत फेऱ्या मारल्या. ट्रक रिकामा परत गेला. तो इतका हलका झाला होता की वळणावर त्याची चाके जमिनीला टेकत नव्हती, असे खालच्या मजल्यावरच्या बाई सांगतात. मी सांगत नाही, त्या सांगतात.

मामा गेल्यावर खोलीत दोघीच उरल्या. घुमीने पिशवीतले कपडे काढून परत कपाटात ठेवले. मग म्हणाली, "खरंच मोजलं होतंस?"

"टेपने."

"मग बोगदा का नाही मोजलास? तिसरा डबा घासतो वरून."

"सगळं मीच मोजू? तुला हात नाहीत?"

आणि दोघी कानशी घेऊन बोगद्याच्या तोंडाशी भांडत बसल्या. मोठ्या आवाजात. फार वर्षांनी मी एवढे चांगले भांडण ऐकले.

आता मी म्हातारा झालो आहे, पण कामावर आहे. चौकटीत पडदा आहे आणि तो कोणी आपटत नाही. डोंगराचा गुलाबी रंग एका बाजूने उडाला. इंजिनाचा गुलाबी दात मात्र तसाच आहे. माझी एकच विनंती आहे. घरातला जुना दरवाजा टाकून द्यायच्या आधी एकदा त्याला आडवा करून बघा. त्याच्या पोटात अजून किती वाट शिल्लक आहे, ते उभ्याने कळत नाही. गाडी धावायला लागली की अधूनमधून रूळ पुसत जा, नाहीतर चांगली गाडीही मधेच उपाशी थांबते.

आणि कधी या घरी आलात, माझ्या काठाला हात लावलात आणि बोटांना ते स्क्रू लागलेच, तर काही बोलू नका. कोणी विचारले तर एवढेच सांगा, पट्ट्या चिकटवल्यात. निघायच्या नाहीत.